विंटर फ्युएल की कोल्ड वेदर? ब्रिटनमधल्या पेन्शनरांच्या थंडीच्या पैशांतला फरक

लंडनजवळ राहणाऱ्या एका काकूंचा जानेवारीत फोन आला. पंचाहत्तरी ओलांडलेली, एकट्याच राहतात. "बाहेर बर्फ पडलाय रे, आता ते थंडीचे पैसे येतील ना?" थंडीचे पैसे त्यांच्या खात्यात नोव्हेंबरमध्येच जमा झाले होते, 200 पौंड. ते विंटर फ्युएल पेमेंट. त्या वाट बघत होत्या ती कोल्ड वेदर पेमेंटची, आणि ते त्यांना लागूच नव्हतं. येतील त्या पैशांच्या भरवशावर त्यांनी दोन दिवस हीटिंग चालू ठेवलं, मग धास्तावून बंद केलं आणि दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून बसल्या.

विंटर फ्युएल पेमेंट 1997 पासून आहे. त्याचा हवामानाशी काहीही संबंध नाही. हिवाळा उबदार गेला तरी ते मिळतं. घरटी 200 पौंड, ऐंशी पूर्ण झालेलं कुणी असेल तर 300. दोघं नवराबायको ऐंशीच्या आतले पेन्शनर असतील, तर साधारणपणे प्रत्येकी 100.

गोंधळ वाढला तो नियम बदलल्यामुळे. जुलै 2024 मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी हे पैसे पेन्शन क्रेडिटसारखी (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकारकडून मिळणारी) मदत घेणाऱ्यांपुरतेच ठेवले. इंग्लंड आणि वेल्समधल्या नव्वद लाखांहून जास्त पेन्शनरांचे पैसे एका हिवाळ्यात बंद झाले. ओरड झाली, आणि जून 2025 मध्ये सरकारने पाऊल मागे घेतलं. 2025-26 च्या हिवाळ्यात सगळ्यांना पैसे मिळाले, पण ज्यांचं करपात्र उत्पन्न वर्षाला 35,000 पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून ते करातून परत घ्यायचे असं ठरलं. ही मर्यादा माणशी आहे, घराची नाही. नवऱ्याचं पेन्शन मोठं असलं म्हणून बायकोच्या वाट्याचे पैसे जात नाहीत. मात्र रेषेच्या एक पौंड जरी वर गेलात तरी तुमचा वाटा सगळाच जातो. हे मला अन्यायाचं वाटतं.

कोल्ड वेदर पेमेंटचा हिशेब थर्मामीटरवर. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात तुमच्या पोस्टकोडला जोडलेल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांची सरासरी शून्य अंश किंवा त्याखाली गेली, किंवा तसा अंदाज असला, की त्या आठवड्याचे 25 पौंड. सरासरीत दिवस-रात्र दोन्ही धरतात. म्हणजे रात्री उणे तीन आणि दुपारी सहा अंश असेल, तर हाडं गोठली तरी पैसे नाहीत. आणि हे फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तशी ठराविक मदत चालू असलेल्यांना. नुसतं वय पुरत नाही. (स्कॉटलंडमध्ये दोन्हींच्या जागी वेगळ्या योजना आहेत.)

दोन्ही पैसे बहुतेकांच्या खात्यात आपोआप जमा होतात. "अर्जासाठी इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा आणि बँकेचे तपशील मुळीच देऊ नका.

पुण्या-मुंबईला हिवाळा काढणाऱ्यांनी तर हा फरक नीट समजून घ्यावा. विंटर फ्युएलसाठी ठरलेला आठवडा 2025 मध्ये 15 ते 21 सप्टेंबर होता, पितृपंधरवड्याचा शेवटचा आठवडा. तेव्हा राहणं इंग्लंड-वेल्समध्ये असलं, की जानेवारीत तुम्ही कुठे आहात याने फरक पडत नाही. पेन्शन क्रेडिट मात्र देशाबाहेर चार आठवड्यांहून जास्त राहिलात तर सहसा थांबतं, आणि त्याबरोबर कोल्ड वेदरही.

काकूंनी पेन्शन क्रेडिट कधी मागितलंच नव्हतं. "स्वतःचं घर आहे, मग कसं मिळेल?" राहतं घर मोजत नाहीत. 10,000 पौंडांपर्यंतची बचतही नाही. 2025-26 साठी एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला 227.10 पौंडांच्या खाली असेल तर हक्क बनतो, आणि पात्र असाल तर मागच्या तीन महिन्यांचेही पैसे मिळू शकतात. काकूंचं पेन्शन याच्या बरंच खाली होतं. त्याच दुपारी आम्ही फोनवरून अर्ज केला, आणि फोन ठेवण्याआधी मी त्यांना हीटिंग चालू करायला लावलं.