बघ, बाप्पाने शिक्षा केली!

अडीच वर्षांचं पोर झारी स्वतःच्याच पायांवर ओततं, चड्डी ओली होते, गार लागतं. हा नैसर्गिक परिणाम. तेच पोर कुंडीतली माती हॉलभर उडवतं आणि आई खुरपं काढून माळ्यावर टाकते. हाही परिणामच, पण आईने लावलेला. ओळखायची खूण सोपी आहे: मोठं माणूस जवळ नसतं, तरी हे घडलं असतं का? चड्डी ओली झालीच असती. खुरपं काही आपण होऊन माळ्यावर चढलं नसतं.

विसाव्या शतकात हा फरक ठळकपणे मांडला तो व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे शिकागोत काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी. मूळ विचार त्याहून बराच जुना. तत्त्वज्ञ रूसोच्या 'एमिल' या मुलांच्या शिक्षणावरच्या पुस्तकात (१७६२) मुलाने खोलीची काच फोडली तर वारा त्यालाच लागू दे, असा सल्ला आहे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात मुलाने हौसेने लावलेले, रोज पाणी घातलेले वाल एके दिवशी उपटलेले सापडतात. उपटले माळ्याने, कारण त्याच जागी त्याने आधी खरबुजाच्या बिया पेरल्या होत्या. धडा चांगला आहे, पण तो वाऱ्याने वा उन्हाने दिलेला नाही, माणसाने दिलेला आहे. निसर्गाचा एवढा कैवारी लेखकही बागेत शिरल्यावर दुसऱ्या प्रकाराकडे वळतो.

त्याला कारणही आहे. बागेतले परिणाम फार सावकाश येतात. टोमॅटोचं फूल आज खुडलं तर फळ लागणार नाही, हे खरं. पण ते फळ पिकायलाच दीडेक महिना गेला असता. तोवर पोराला फूलही आठवत नाही आणि खुडलेलंही. म्हणून या वयाला मेथी बरी. पसरट ट्रेमध्ये दाणे टाकले की तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. एका कोपऱ्याला पाणी घालायचं राहिलं, तर एप्रिलच्या उन्हात ती रोपं दुसऱ्या दिवशीच माना टाकतात. लगेच पाणी घातलं तर बहुतेक वेळा उठूनही बसतात. चूक, परिणाम आणि दुरुस्ती, सगळं मुलाच्या आठवणीच्या टप्प्यात.

फक्त तेव्हा आपण तोंड बंद ठेवायचं, आणि तेच जड जातं. "सांगत होते ना मी!" म्हटलं की पोर रोपाकडे बघायचं सोडून आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आपल्याकडचं "बघ, बाप्पाने शिक्षा केली" तर त्याहून वाईट. सुकलेल्या मेथीचा पाण्याशी संबंध होता, तो तोडून आपण देवाच्या रागाशी जोडतो. संध्याकाळी झाडं झोपतात, हात लावू नकोस, हे मात्र मला आवडतं; त्यात धाक नाही.

लावलेला परिणाम वाईट असतो असं नाही. माती उडवली, चल, दोघं मिळून झाडू. पुन्हा उडवलीस तर खुरपं आज ठेवून देऊ. कृतीशी जोडलेलं, लगेच, आवाज न चढवता. आणि हे मी ठरवलंय, असं सरळ म्हणावं. झाडाच्या नावावर खपवू नये. माती उडवली म्हणून कार्टून बंद, ही मात्र निव्वळ शिक्षा. मातीचा आणि कार्टूनचा संबंध पोराने कुठून लावायचा?

आणि काही ठिकाणी दोन्ही प्रकार बाद. मिरची तोडलेले हात डोळ्यांना लागले तर होणारा परिणाम अगदी नैसर्गिक आहे, पण त्याची वाट बघायची नसते. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. कठड्याला लागून ठेवलेल्या, चढायला सोयीच्या कुंड्यांचंही तेच. तिथे मुलाला समजावत बसण्याआधी कुंडी हलवावी, आणि कण्हेर घरात पोर मोठं होईपर्यंत नसलेलीच बरी.