चांदीचे जोडे, माणकांचे जोडे: ऑझच्या वादामागचा इतिहास

नोव्हेंबर 2024 मध्ये ‘विकेड’ चित्रपटाचा पहिला भाग आला आणि ऑझ या परीकथेतल्या जादूच्या देशाच्या चाहत्यांमधलं एक जुनं भांडण पुन्हा पेटलं: या कथेची नायिका डोरोथी हिच्या पायांत येणारे जादूचे जोडे चांदीचे, की माणकांचे? त्या चित्रपटात नेसारोझ या मुलीला तिचे वडील जोडे देतात, ते चांदीचे आहेत. ज्यांच्या डोळ्यांसमोर 1939 च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ चित्रपटात डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडच्या पायांतले लाल जोडे होते, त्यांना हे खटकलं. पुस्तकवाल्यांनी लगेच सुनावलं, की जोडे मुळात चांदीचेच आहेत, लाल तर ते 1939 साली झाले. तारखांच्या हिशेबात पुस्तकवाले बरोबर आहेत. पण ‘मूळ ऑझ’ म्हणून काही एक गोष्ट होती आणि नंतर सिनेमावाल्यांनी ती बिघडवली, हे त्यांचं गृहीतक मात्र इतिहासापुढे टिकत नाही. ऑझची मोडतोड पुस्तक छापून झाल्यावर दोनच वर्षांत सुरू झाली, आणि तीही लेखकाच्या सहीनिशी.

एल. फ्रँक बाउम हा आधी रंगभूमीचा माणूस. 1856 साली न्यूयॉर्क राज्यात जन्म, वडिलांचा तेलाचा धंदा, हाताशी पैसा. 1882 साली त्याने ‘द मेड ऑफ ॲरन’ हे संगीतनाटक लिहिलं, गाणी स्वतः केली, प्रमुख भूमिकाही स्वतःच केली आणि दौरे काढले. त्याच वर्षी त्याचं नाट्यगृह जळालं. मग डाकोटात दुकान, तिथेच वर्तमानपत्र, नंतर शिकागोत काचसामान विकणारा फिरता विक्रेता, आणि दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात यावरच्या मासिकाचा संपादक. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ 1900 साली शिकागोतून निघालं तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. चित्रं डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोची, आणि पुस्तकाचे हक्क दोघांच्या नावे.

या पुस्तकातलं ऑझ खरं आहे. कॅन्ससच्या करड्या माळावरून चक्रीवादळ डोरोथीला घरासकट उचलून नेतं ते खऱ्याखुऱ्या देशात. तिथे तिला बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह हे सोबती मिळतात. पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चश्मा चढवून कुलूप लावतात, म्हणून ती नगरी एवढी हिरवीगार दिसते. भल्या चेटकिणी दोन, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. यातलं बरंचसं आज लोकांना माहीत नसतं, कारण पुढच्या प्रत्येक रूपांतराने आपल्याला हवं ते उचललं आणि बाकीचं टाकलं.

पहिलं रूपांतर 16 जून 1902 रोजी शिकागोच्या ग्रँड ऑपेरा हाउसमध्ये उभं राहिलं. बाउमने संहिता पुस्तकाला बऱ्यापैकी धरून लिहिली होती. दिग्दर्शक ज्युलियन मिचेलने ती बाजूला ठेवली. त्याला मुलांची परीकथा नको होती, डोळे दिपवणारा तमाशा हवा होता. मग काय काय झालं पाहा. डोरोथीचा टोटो कुत्रा गेला आणि त्याच्या जागी इमोजीन नावाची गाय आली, कारण गाईचं सोंग माणसाला घेता येतं. पश्चिमेची दुष्ट चेटकीण रंगमंचावर आलीच नाही. भित्रा सिंह मागे ढकलला गेला. उलट कॅन्ससमध्ये ट्राम चालवणारा ऑझचा माजी राजा आला, त्याच्याबरोबर एक वेट्रेस आली, एक वेडी बाई आली, आणि चालू राजकारणावरचे विनोद आले. कथेशी काडीचा संबंध नसलेली गाणी घुसवली गेली, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदललीही गेली. आपल्या संगीत नाटकांत एखाद्या पदाला वन्स मोअर मिळाला की कथानक निमूट थांबून राहायचं. इथे कथानकाने थांबण्यापलीकडे फारसं काही केलंच नाही.

पण लोक तुटून पडले. जानेवारी 1903 मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात गेलं, तिथे 293 प्रयोग झाले आणि पुढे कित्येक वर्षं दौरे चालले. बुजगावण्याच्या भूमिकेतला फ्रेड स्टोन आणि पत्र्याचा लाकूडतोड्या झालेला डेव्हिड माँटगोमेरी रातोरात तारे झाले. बाउम सुरुवातीला नाराज होता. नंतर त्याने एका वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीरपणे सांगितलं, की लेखकाला काय आवडतं यापेक्षा प्रेक्षकाला काय रुचतं ते चालतं. धंद्यात हात पोळलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. त्यात पटण्यापेक्षा गल्ल्याचा भाग जास्त असावा, असं मला वाटतं.

या नाटकाचे दोन अवशेष आजही जिवंत आहेत. डोरोथीचं ‘गेल’ हे आडनाव पहिल्या पुस्तकात नाही, ते नाटकातून आलं. आणि खसखशीच्या शेतात सगळे झोपी जातात तेव्हा भली चेटकीण बर्फ पाडून त्यांना सोडवते, हा प्रसंगही नाटकाचा. पुस्तकात डोरोथीला बुजगावणं आणि लाकूडतोड्या उचलून नेतात, आणि सिंहाला उंदीर ओढून बाहेर काढतात. 1939 च्या चित्रपटाने बर्फ उचललं, आणि आता तो चित्रपट ‘मूळ’ मानणारे लोक ते बर्फ बाउमच्या नावावर खपवतात.

मुलांची पत्रं ही या कहाणीतली दुसरी ताकद. ऑझच्या पुढच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत बाउम पुन्हा पुन्हा सांगतो, की मुलं लिहितात, हे पात्र परत आणा, त्याचं पुढे काय झालं ते सांगा, आणि मी ऐकतो. 1910 साली सहाव्या पुस्तकात त्याने मालिका बंद करायचा प्रयत्न केला: ऑझ बाहेरच्या जगापासून कायमचं तुटलं, आता तिथली बातमी येणार नाही. तीनच वर्षांत, पत्रांनी आणि कर्जाने, तो परत आला. आता ऑझशी बिनतारी संदेशाने बोलणं होतं, अशी सोय त्याने करून घेतली. एकूण चौदा पुस्तकं त्याची. 1919 साली तो गेल्यावर रूथ प्लमली थॉम्पसनने आणखी एकोणीस लिहिली, त्यानंतर इतरांनी. चाहते ज्यांना प्रमाण मानतात ती चाळीस आहेत. बाउमची चौदाच खरी, की चाळीसही, हा वाद आजही रंगतो.

पडद्यावर मात्र बाउमला यश मिळालं नाही. 1908 साली फिल्म, रंगीत स्लाइड आणि रंगमंचावर स्वतः उभं राहून निवेदन असा फिरता खेळ त्याने काढला. गर्दी झाली, पण खर्च एवढा, की 1911 साली त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. 1914 साली हॉलिवूडमध्ये स्वतःची ऑझ फिल्म कंपनी काढली. ‘हे तर मुलांचं’ म्हणून थिएटरवाल्यांनी पाठ फिरवली. 1925 साली लॅरी सेमनच्या मूकपटात ऑलिव्हर हार्डी पत्र्याचा माणूस झाला, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं.

मग एमजीएम स्टुडिओचा 1939 चा चित्रपट. डोळ्यांसमोर ठेवावा तो क्षण हा: पटकथाकार नोएल लँगली चांदीचे जोडे खोडतो आणि माणकांचे करतो. टेक्निकलर हे रंगीत चित्रीकरणाचं नवं तंत्र महागडं होतं, आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चंदेरी रंग काय उठणार! लाल उठला. खरी माणकं अर्थात नव्हतीच. जोड्यांवर हजारो टिकल्या शिवल्या होत्या, त्याही गडद, लाल वाइनच्या रंगाच्या, कारण भडक लाल त्या कॅमेऱ्यात नारिंगी दिसला असता. चित्रीकरणात दिग्दर्शक बदलत गेले, व्हिक्टर फ्लेमिंगचं नाव पाटीवर राहिलं. पत्र्याच्या माणसासाठी आधी घेतलेला बडी एब्सन ॲल्युमिनियमच्या भुकटीमुळे इस्पितळात गेला. चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन आगीच्या दृश्यात खरोखर भाजली.

पुस्तकप्रेमींचा खरा राग जोड्यांवर नाही, शेवटावर आहे. चित्रपटात डोरोथी अंथरुणात जागी होते, भोवती शेतावरचे गडी उभे, आणि सगळं स्वप्न ठरतं. पुस्तकात ती खरोखर जाऊन आलेली असते. परतते तेव्हा काकाने वादळात गेलेल्या घराच्या जागी नवं घर बांधलेलं असतं. फरक बारीक वाटतो, पण स्वप्न म्हटलं की पुढची तेरा पुस्तकं उडतात. सहाव्या पुस्तकात तर काका-काकूंचं शेत सावकाराच्या घशात जायची वेळ येते, आणि डोरोथी त्यांना कायमचं ऑझला घेऊन जाते. स्वप्नात कर्जबाजारी काकाला कुठे नेणार?

चित्रपट 1939 च्या ऑगस्टमध्ये आला, नावाजला गेला, पण अवाढव्य खर्चामुळे पहिल्या फेरीत नफा झाला नाही. तो घराघरांत पोचला तो टीव्हीमुळे. 3 नोव्हेंबर 1956 रोजी सीबीएस वाहिनीने तो पहिल्यांदा दाखवला आणि 1959 पासून दरवर्षी दाखवायचा पायंडा पडला. तेव्हा बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवल. म्हणजे ज्या लाल रंगासाठी एवढा खटाटोप केला, तो त्या पिढीतल्या कितीतरी मुलांना दिसलाच नाही. तरी याच पिढीसाठी हा चित्रपट ‘मूळ’ झाला. ज्या वर्षी तो टीव्हीवर आला त्याच वर्षी पुस्तकाचे हक्क संपले, आणि पुढच्या साली, 1957 मध्ये, तेरा वर्षांच्या एका मुलाने सोळा सभासदांना घेऊन ऑझ क्लब काढला. त्याचं ‘द बाउम ब्युगल’ हे नियतकालिक अजून निघतं. नाटकाच्या जाहिराती, बाउमची पत्रं, हरवलेल्या फिल्मचे अवशेष हे सगळं उकरून काढणारी मंडळी मुख्यतः याच क्लबातली.

इथून पुढचा इतिहास बराचसा वकिलांचा आहे. पुस्तक सगळ्यांचं, चित्रपट मात्र स्टुडिओचा. चांदीचे जोडे कुणीही वापरावेत, लाल जोड्यांना परवानगी हवी. 1975 सालच्या ‘द विझ’ या संगीतनाटकाने चांदीचेच घेतले. सगळे कलाकार कृष्णवर्णीय, चार्ली स्मॉल्सचं संगीत, सात टोनी पुरस्कार. योगायोग असा, की हेही ब्रॉडवेवर मॅजेस्टिक नावाच्याच थिएटरात लागलं. इमारत मात्र वेगळी. 1978 सालच्या त्याच्या चित्रपटात डायना रॉस डोरोथी झाली आणि मायकल जॅक्सन बुजगावणं.

1964 साली हेन्री लिटिलफील्ड या शिक्षकाने लेख लिहिला, की पिवळा रस्ता म्हणजे सोनं, चांदीचे जोडे म्हणजे चांदी, आणि सगळी कथा म्हणजे चलनाला आधार सोन्याचा की चांदीचा, या 1890 च्या दशकातल्या वादाचं रूपक आहे. अर्थशास्त्राच्या वर्गांत हे फार आवडलं. बाउमच्या मनात तसं काही होतं याला आधार नाही, हे लिटिलफील्डनेच पुढे मान्य केलं. माणकांच्या जोड्यांवर वाढलेल्या प्रेक्षकाला तर तो लेख कळणारच नाही.

सोव्हिएत मुलांचं ऑझ पूर्ण वेगळं. अलेक्सांद्र वोल्कोवने 1939 सालीच आपल्या पद्धतीने कथा पुन्हा लिहिली; नायिकेचं नाव एली, जोडे चांदीचे. तिथल्या वाचकांना ज्युडी गार्लंड आडवी आली नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकी गत 1985 सालच्या ‘रिटर्न टू ऑझ’ या चित्रपटाची. बाउमच्या उरलेल्या पुस्तकांचे हक्क डिस्नीने 1950 च्या दशकातच घेऊन ठेवले होते. दिग्दर्शक वॉल्टर मर्चने दुसरं आणि तिसरं पुस्तक एकत्र केलं, पुढच्या पुस्तकांचा चित्रकार जॉन नील याच्या चित्रांवरून टिकटॉक हा यांत्रिक माणूस आणि जमिनीखालच्या नोमांचा राजा उभे केले. नऊ-दहा वर्षांची डोरोथी, म्हणजे पुस्तकातल्या वयाच्या जवळपास. बदल होतेच: कपाटात डोकी मांडून ठेवून मनाला येईल तसं डोकं बदलणारी राजकन्या पुस्तकात वेगळी आहे, तिची खोड चित्रपटाने मोंबी या चेटकिणीला दिली. सुरुवातीला डोरोथीला विजेच्या झटक्यांसाठी दवाखान्यात नेतात, हेही पदरचं. पण पुस्तकांचा वास या चित्रपटाला इतर कुठल्याही मोठ्या चित्रपटापेक्षा जास्त आहे. आणि त्याच चित्रपटाने एमजीएमला पैसे मोजून लाल जोडे घेतले! कारण प्रेक्षक चांदीचे ओळखणार नाहीत ही भीती. चित्रपट पडला, ‘मुलांना घाबरवतो’ म्हणून. आज त्याचे भक्त आहेत.

2013 साली डिस्नीनेच ‘ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल’ काढला तेव्हा जुन्या चित्रपटाचे हक्क वॉर्नरकडे गेले होते. म्हणून पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीच्या हिरव्या रंगाची छटासुद्धा वेगळी ठेवावी लागली. ग्रेगरी मॅग्वायरने 1995 सालच्या ‘विकेड’ कादंबरीत त्या चेटकिणीला एल्फाबा हे नाव दिलं, बाउमच्या आद्याक्षरांवरून. त्यावरच्या 2003 सालच्या संगीतनाटकात जोड्यांवर नुसता लाल प्रकाश पडतो. काही वर्षं लोक त्या नाटकालाच मूळ धरून चालले. ऑक्टोबर 2024 मध्ये एका चाहत्याने चित्रपटाचं पोस्टर नाटकाच्या पोस्टरसारखं करून टाकलं, एल्फाबाचे डोळे टोपीने झाकून, आणि चित्रपटात एल्फाबा झालेल्या सिंथिया एरिव्होने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.

खऱ्या लाल जोड्यांपैकी एक जोड 2005 साली मिनेसोटातल्या ज्युडी गार्लंड संग्रहालयातून चोरीला गेला. 2018 मध्ये एफबीआयला तो सापडला. स्मिथसोनियन संग्रहालयातल्या जोडाशी ताडून पाहिल्यावर कळलं, की दोन्ही जोड विजोड आहेत: एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्याबरोबर गेला आहे. डिसेंबर 2024 मध्ये चोरीचा तो जोड लिलावात शुल्कासह 3 कोटी 25 लाख डॉलरला गेला.

चाहत्यांच्या चर्चेत अलीकडे जोड्यांपेक्षा जास्त निघतो तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय. ‘द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ’ 1904 साली आलं, स्टोन आणि माँटगोमेरी या नटांना अर्पण केलेलं. त्यात मुलींची फौज आहे, कारण रंगमंचावर मुलींचा ताफा लागतो. शेवटी टिप नावाचा मुलगा ही मुळात जादूने मुलगा केलेली राजकन्या ओझमा निघते. त्यावरचं ‘द वॉगल-बग’ हे नाटक 1905 साली शिकागोत महिनाभरही टिकलं नाही. 1960 साली टीव्हीवर बत्तीस वर्षांच्या शर्ली टेंपलने टिप आणि ओझमा दोन्ही केले. ‘रिटर्न टू ऑझ’मध्ये ओझमा आहे, टिप नाही. नाटकावर डोळा ठेवून लिहिलेल्या या पुस्तकाचा तो शेवट हॉलिवूडच्या एकाही मोठ्या स्टुडिओने अजून पडद्यावर आणलेला नाही.