प्रवाह-कोशिकामापन

प्रवाह-कोशिकामापन : वाहत्या द्रवातून एकामागून एक जाणाऱ्या कोशिकांवर (पेशींवर) किंवा तत्सम सूक्ष्म कणांवर लेसरचा झोत टाकून, त्यांच्यापासून येणाऱ्या प्रकाशावरून त्यांची संख्या, आकारमान व रासायनिक गुणधर्म ठरविण्याची पद्धत. प्रयोगशाळांत ती ‘फ्लो सायटोमेट्री’ या नावानेच ओळखली जाते. नेहमीच्या उपकरणांत सु. 0.5 ते 40 मायक्रोमीटर व्यासाचे कण मोजता येतात आणि सेकंदाला काही हजार कणांची स्वतंत्र नोंद होते.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे द्यावे याविषयी मतभेद आहेत. बहुतेक इतिहास 1934 पासून सुरू होतात. त्या वर्षी अँड्रू मोल्डाव्हान यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात, केशनलिकेतून जाणाऱ्या कोशिका सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या प्रकाशविद्युत् घटाच्या साहाय्याने मोजण्याची योजना मांडली. हे उपकरण प्रत्यक्षात कितपत चालले ते टिपणावरून स्पष्ट होत नसल्यामुळे, त्याला पद्धतीचा आरंभ म्हणण्यापेक्षा कल्पनेची पहिली नोंद म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. खरी अडचण नलिकेची होती : ती अरुंद ठेवली तर तुंबते आणि रुंद ठेवली तर कोशिका वाटेल तिकडून वाहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फ्रँक गकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेतील कण मोजताना नमुन्याच्या हवेभोवती स्वच्छ हवेचे वेष्टन ठेवले होते (प्रसिद्धी 1947). लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील क्रॉसलँड-टेलर यांनी 1953 मध्ये हीच युक्ती द्रवाला लावली आणि नलिकेची अडचण सुटली. त्याच वर्षी वॉलेस कोल्टर यांना एकस्व (पेटंट) मिळालेले गणनयंत्र विद्युत्‌रोधातील बदलावर चालणारे असल्यामुळे त्याची परंपरा वेगळी मानावी लागते.

पुढील टप्प्यांच्या तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की, अग्रक्रमाचा दावा कोणत्या गुणधर्माला प्राधान्य द्यावे यावर अवलंबून राहतो. लुई कामेंट्स्की यांनी 1965 मध्ये जंबुपार प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन (विखुरणे) एकाच वेळी मोजणारे उपकरण वर्णिले. त्याच वर्षी अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथील प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी, शाईच्या थेंबांनी लेखन करणाऱ्या यंत्रणेतील तत्त्व वापरून कोशिका वेगळ्या काढल्या. जर्मनीतील म्यून्स्टर येथील व्होल्फगांग गोडे यांचे 1968 मधील उपकरण अनुस्फुरणावर (प्रकाश पडल्यावर पदार्थाने वेगळ्या रंगाचा प्रकाश देण्यावर) आधारित होते, मात्र त्यात लेसर नसून पाऱ्याचा दिवा होता. आर्गॉन लेसरचा वापर 1969 मध्ये लॉस ॲलॅमॉस येथील मार्व्हिन व्हॅन डिला यांच्या गटाने प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने 1972 च्या सुमारास आपल्या कोशिका-विलगन यंत्रात लेसर आणला. म्हणजे ज्या लेसरमुळे ही पद्धत आज ओळखली जाते तो या इतिहासात उशिरा आलेला आहे. प्रवाहाला शिस्त लावणारे वेष्टन हेच तिचे मूळ अंग होय, असे मानणाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. आधीचे ‘स्पंद-कोशिकाप्रकाशमापन’ या अर्थाचे नाव बाजूला पडून सध्याचे नाव अमेरिकेतील पेन्साकोला येथील परिषदेत रूढ झाले. त्या परिषदेचे वर्ष कोठे 1976, तर कोठे 1978 असे दिलेले आढळते.

तत्त्व : वेष्टनद्रव आणि त्याच्या मध्यभागी सोडलेला नमुना यांचा प्रवाह स्तरीय (थराथरांनी संथ वाहणारा) असल्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे मार्ग निमुळता होताना नमुन्याची धार बारीक होत जाऊन कोशिका एका ओळीत येतात. नमुन्याचा दाब वाढवला तर मोजणी लवकर आटोपते, पण धार जाड होऊन दोन कोशिका एकदम झोतात येण्याची शक्यता वाढते व दोन्हींची नोंद एकच म्हणून होते.

झोताच्या दिशेने अल्प कोनात विखुरलेला प्रकाश आकारमानाचा आणि काटकोनात विखुरलेला प्रकाश अंतर्गत कणीदारपणाचा निदर्शक समजला जातो. पहिले विधान सावधपणे घेतले पाहिजे. प्रकीर्णन कणाच्या व्यासाबरोबरच त्याच्या व द्रवाच्या अपवर्तनांकांतील (प्रकाश वाकविण्याच्या क्षमतेच्या मापांतील) फरकावर अवलंबून असते. प्रमाणनासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरिनच्या मण्यांचा अपवर्तनांक सु. 1.59, तर कोशिकांचा सु. 1.38 असल्यामुळे मण्यांवरून काढलेला कोशिकेचा व्यास चुकीचा येतो. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे विषाणूंसारख्या कणांचा संकेत पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतो आणि कित्येकदा झोतात एकत्र आलेले अनेक कण मिळून एक कण असल्याचा भास होतो.

उपयोग : रक्तघटकांची मोजणी व रक्तकर्काचे निदान हे उपयोग सर्वपरिचित आहेत. भारतात एप्रिल 2004 पासून एचआयव्हीबाधितांना शासनाकडून मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा उपचार कोणाला सुरू करायचे हे मुख्यतः सीडी-4 कोशिकांच्या (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या कोशिकांच्या) संख्येवरून ठरत असे आणि ती संख्या या पद्धतीने काढली जाई; 2017 पासून सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण आल्यावर तिचे हे महत्त्व कमी झाले. सागरविज्ञानात सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन व सहकाऱ्यांनी जहाजावर नेलेल्या अशा उपकरणाने क्लोरोफिलचे क्षीण तांबडे अनुस्फुरण टिपले आणि सु. 0.6 मायक्रोमीटर व्यासाचा, पुढे प्रोक्लोरोकॉकस असे नाव मिळालेला प्रकाशसंश्लेषी जीव 1988 मध्ये प्रथम वर्णिला.