दोन समुद्र, तीन पर्वतरांगा आणि कोलंबियाचा पाऊस

कोलंबिया विषुववृत्ताला इतका लागून आहे की उन्हाळा आणि हिवाळा हे ऋतू तिथे जवळजवळ नाहीतच. राजधानी बोगोता येथे वर्षातील सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरी तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक असतो. पहाट आणि दुपार यांच्यातला फरक मात्र दहा अंशांच्या घरात जातो. तिथे तापमान महिन्यावर नव्हे, तर उंचीवर ठरते. दर हजार मीटर चढाईला हवा सुमारे सहा अंशांनी थंड होत जाते, म्हणूनच समुद्रकाठच्या कार्ताहेनाचे सरासरी तापमान २८ अंशांच्या आसपास असताना २६०० मीटर उंचीवरील बोगोताचे अवघे १४ अंश असते. खाली केळी, मधल्या उतारांवर कॉफी आणि वर बटाटा, अशी पिकांचीही उतरंडच लागलेली दिसते.

पावसाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जिथे एकमेकांना भिडतात, तो ढगाळ पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकत वर्षातून दोनदा या देशावरून जातो; त्यामुळे अँडीज पर्वताच्या बऱ्याच भागात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन पावसाळे येतात.

पॅसिफिक किनाऱ्यावरील चोको प्रदेशाची गोष्ट मात्र वेगळी, आणि मराठी वाचकाला ती विशेष जवळची वाटावी अशी आहे. दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि पश्चिमेकडून बाष्प घेऊन थेट पश्चिम अँडीजच्या भिंतीवर आदळतात. आपले नैऋत्य मोसमी वारेही याच नियमाने वळतात आणि सह्याद्रीवर चढताना कोकणात व घाटमाथ्यावर कोसळतात. फरक एवढाच की कोकणातला पाऊस चार महिन्यांत आटोपतो, तर चोकोतल्या किब्दो शहरात एकही महिना कोरडा जात नाही आणि वर्षाकाठी ७००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पृथ्वीवरील सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांमध्ये या परिसराची गणना होते.

याच देशाच्या उत्तर टोकाला, कॅरिबियन समुद्रात घुसलेल्या ग्वाहिरा द्वीपकल्पावर वाळवंट आहे. समुद्र शेजारी असूनही तिथे पाऊस नाही, कारण व्यापारी वारे बव्हंशी किनाऱ्याला समांतर वाहतात, वरच्या पाण्याला दूर लोटून खालचे थंड पाणी वर आणतात, आणि बाष्प अडवून वर ढकलणारा डोंगर वाटेत नसतो. जिथे तो आहे, तिथले दृश्य मला या साऱ्या विषयातले सर्वांत बोलके वाटते: माकुइरा ही ९०० मीटरही न भरणारी छोटी डोंगररांग वाळवंटातच उभी आहे, आणि तिच्या माथ्यावर, निव्वळ वाऱ्याने आणलेल्या धुक्याच्या ओलाव्यावर, शेवाळाने लगडलेले बुटके जंगल वाढते. पायथ्याशी निवडुंग आणि काटेरी झुडपे असतात.

एल निनोच्या वर्षी ही घडी विस्कटते. पूर्व पॅसिफिक तापल्याने समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातील तफावत कमी होते, चोकोकडे येणारा वारा मंदावतो आणि देशाच्या बहुतांश भागात पाऊस घटतो. दक्षिणेकडील इक्वेडोर आणि उत्तर पेरूच्या किनाऱ्यावर मात्र बहुधा त्याच काळात महापूर येतात. कोलंबियाची बहुतांश वीज जलविद्युत असल्याने पावसातील ही तूट थेट घराघरांत पोहोचते. १९९२ मध्ये भारनियमन इतके वाढले की सरकारला देशाची घड्याळे एक तास पुढे करावी लागली. २०२३-२४ च्या एल निनोत बोगोताला पाणी पुरवणारे चिंगासा येथील जलसाठे धोक्याच्या पातळीला गेले, आणि एप्रिल २०२४ पासून शहराचे नऊ भाग पाडून आळीपाळीने एकेक दिवस पाणी बंद ठेवण्यात आले. तोच एल निनो जोर धरत असताना भारताने १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट अनुभवला होता.