आयडीकॅम्स

आयडीकॅम्स ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या प्रचंड कामाच्या संगणकावर) डेटा फाइली तयार करणे, त्यांची नक्कल काढणे, तपासणी करणे आणि त्या पुसणे यांसाठी बॅच जॉबमधून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या कामांच्या यादीतून, चालवली जाणारी यूटिलिटी आहे. तिचे अधिकृत नाव ॲक्सेस मेथड सर्व्हिसेस. मात्र जॉबमध्ये जे प्रोग्रामचे नाव लिहावे लागते तेच रूढ झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने व्हीसॅम ही फाइलव्यवस्था आणली, तिच्या जोडीने ही यूटिलिटी आली. आजच्या झेड ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीतही ती आहे.

व्हीसॅम फाइलीची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे फाइलींच्या सूचीत, असते आणि प्रत्यक्ष रेकॉर्ड डिस्कवर. आयडीकॅम्स या दोन्हींवर एकदम काम करते, आणि म्हणूनच तिच्या एका ओळीत फाइल कायमची जाऊ शकते. जॉबच्या स्टेपमध्ये, म्हणजे एका टप्प्यात, आज्ञा सिसइन या नावाखाली देतात आणि अहवाल सिसप्रिंटवर उतरतो. आज्ञा दुसऱ्या ते बहात्तराव्या स्तंभात लिहायच्या. ओळ पुढे चालू असेल तर शेवटी आडवी रेघ हवी. ती राहून गेली की आज्ञा तिथेच संपल्याचे धरले जाते.

नवी फाइल ‘डिफाइन क्लस्टर’ने तयार होते. किल्लीनुसार, म्हणजे रेकॉर्ड ओळखणाऱ्या भागानुसार, लावलेली फाइल (केएसडीएस) हा सर्वांत वापरातला प्रकार. तिच्यासाठी किल्लीची लांबी आणि जागा सांगावी लागते. ही जागा शून्यापासून मोजतात. किल्ली रेकॉर्डच्या पाचव्या बाइटपासून सुरू होत असेल तर ४ लिहायचे. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत एकपासून मोजायची सवय झालेल्यांचा हात इथे हमखास चुकतो. ‘फ्रीस्पेस’मध्ये २० आणि १० दिले, तर पहिल्यांदा भरताना प्रत्येक कंट्रोल इंटरव्हलमधली (रेकॉर्ड ठेवण्याच्या कप्प्यातली) २० टक्के जागा आणि प्रत्येक कंट्रोल एरियातली (अशा इंटरव्हलच्या गटातली) १० टक्के इंटरव्हल मोकळी राहतात. मधे घुसणारी नवी रेकॉर्ड तिथे सामावतात. जागा संपली की इंटरव्हल दुभंगते, म्हणजे स्प्लिट होते, आणि एरिया स्प्लिट होऊ लागल्या की काम जाणवण्याइतके मंदावते. ‘लिस्टकॅट’ आज्ञेला ‘ऑल’ जोडल्यास अशा स्प्लिटची संख्या, एकूण रेकॉर्ड आणि व्यापलेली जागा दिसते. ही आज्ञा काहीही बदलत नाही, त्यामुळे कोणत्याही दुरुस्तीआधी ती चालवून पाहावी.

डेटा हलवण्याचे काम ‘रेप्रो’ करते. साध्या फाइलीतून केएसडीएस भरताना रेकॉर्ड किल्लीच्या क्रमाने आधीच लावलेली असावी लागतात. नाहीतर क्रम चुकल्याचा संदेश येतो. त्याच किल्लीचे रेकॉर्ड आधीपासून असेल तर ‘रिप्लेस’ दिल्याशिवाय ते बदलत नाही. काम संपल्यावर किती रेकॉर्ड हाताळली हा आकडा सिसप्रिंटवर छापला जातो. मूळ फाइलीच्या संख्येशी तो पडताळणे हे या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

इतर आज्ञांपैकी ‘व्हेरिफाय’ अर्धवट बंद झालेल्या फाइलीच्या शेवटाची कॅटलॉगमधली नोंद ठीक करते, ‘आल्टर’ नाव वा गुणधर्म बदलते आणि ‘प्रिंट’ मजकूर अक्षरांत किंवा हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) दाखवते. पिढ्यांनुसार ठेवलेल्या फाइलींचा गट, म्हणजे जीडीजी, हादेखील ‘डिफाइन’नेच उभा राहतो, त्यात पारंपरिक मर्यादेनुसार २५५ पिढ्या मावतात.

प्रत्येक आज्ञेनंतर ती कितपत नीट चालली हे सांगणारा कंडिशन कोड मिळतो: ०, ४, ८, १२ किंवा १६. ० म्हणजे सुरळीत, आकडा वाढेल तशी अडचण गंभीर. शेवटच्या आज्ञेचा ‘लास्टसीसी’ आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा ‘मॅक्ससीसी’. १६ आला की उरलेल्या आज्ञा चालतच नाहीत. १२ आला तरी पुढच्या आज्ञा चालू राहतात. रोजच्या जॉबमध्ये आधी ‘डिलीट’, मग ‘डिफाइन’, मग ‘रेप्रो’ हा क्रम असतो. पुसायची फाइल नसेल तर ‘डिलीट’ ८ देते. ते अपेक्षित असल्याने लगेच खाली ‘सेट मॅक्ससीसी = ०’ लिहितात, आणि तिथे ती ओळ योग्यच आहे. मात्र दुसऱ्या जॉबने फाइल धरून ठेवली तरीही ८ येऊ शकतो. मग जुनी फाइल तशीच राहते आणि ‘डिफाइन’ त्याच नावामुळे १२ देऊन थांबते. हीच ‘सेट’ची ओळ स्टेपच्या शेवटी टाकली तर तो १२ झाकला जातो, ‘रेप्रो’ जुन्याच फाइलीवर धावते आणि स्टेप ० दाखवून संपते.

स्प्लिट झालेली फाइल पुन्हा नीट लावण्यासाठी ती साध्या फाइलीत उतरवतात, मूळ पुसून नव्याने तयार करतात आणि रेकॉर्ड परत भरतात. अशा वेळी उतरवणे आणि पुसणे एकाच स्टेपमध्ये ठेवू नये. पहिली स्टेप ० देऊन संपली तरच दुसरी चालेल अशी अट जॉबमध्येच घालावी, म्हणजे अर्धवट नकलेच्या भरवशावर मूळ फाइल पुसली जात नाही.