मसाला मुरतो तो गॅस बंद केल्यावर

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात फेब्रुवारी-मार्च उजाडला की अंगणाअंगणांत मोठ्या गॅसच्या शेगड्या मांडल्या जातात. त्यावर साठ-सत्तर लिटरचं पातेलं चढतं, आत जाळीदार टोपली असते, आणि पोतंभर जिवंत क्रॉफिश उकळत्या, तिखटजाळ पाण्यात ओतले जातात. ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस वर्ज्य, पण पाण्यातलं चालतं. त्यामुळे गुड फ्रायडेला तर हा बेत ठरलेलाच. शेजारी, सोयरे, मित्र असे सगळे एका लांब टेबलाभोवती उभे राहतात, वर्तमानपत्रं अंथरली जातात आणि टोपली थेट त्यावर पालथी होते.

क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला जीव. अंगानं छोट्या लॉबस्टरसारखा, आणि आपल्या शेवंडाला नसतात तशा दोन दणकट नांग्या असलेला. भारतात तो मुळात आढळतच नाही. लुइझियानात मात्र त्याची शेती होते, तीही भातखाचरांत. उन्हाळ्यात भात काढला की शरद ऋतूत त्याच खाचरात पाणी भरतात, बिळांत दडून बसलेल्या माद्या पिल्लं घेऊन बाहेर पडतात आणि कुजणाऱ्या धसकटांवर वाढणारी सूक्ष्म जीवसृष्टी त्या पिल्लांना पोसते. एका जमिनीतून दोन पिकं निघतात. १९५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं ब्रो ब्रिज या छोट्या गावाला ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ असा मान दिला, आणि तिथला उत्सव आजही गर्दी खेचतो.

आता पातेल्याकडे वळू. नव्यानं करणाऱ्याला वाटतं, जितका वेळ उकळू तितका मसाला आत जाईल. होतं नेमकं उलटं. उकळण्याचं काम फक्त शिजवणं. मसाला आत शिरतो तो आच बंद केल्यावर, पाणी निवत असताना.

उकळताना क्रॉफिशच्या पाठीच्या कवचाखालच्या पोकळ्यांत, म्हणजे कल्ले असतात त्या जागेत, हवा आणि वाफ कोंडते. म्हणून शिजलेले क्रॉफिश वर तरंगतात. शंभर अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेइतका असतो, पासष्ट अंशांना तो जेमतेम पाव उरतो. म्हणजे पाणी निवू लागलं की आतली वाफ पाणी होऊन आक्रसते, पोकळीतला दाब पडतो आणि बाहेरचं मसाल्याचं पाणी फटींतून आत ओढलं जातं. क्रॉफिश जड होतात आणि बुडू लागतात. लुइझियानातले जुने हात घड्याळाकडे बघत नाहीत, ते बघतात क्रॉफिश तळाला चालले का. बहुतेक ठिकाणी हे भिजवणं पंधरा ते तीस मिनिटं चालतं. अधूनमधून एखादा काढून, सोलून चाखायचा आणि ठरवायचं.

पण निवत आलेलं पाणीही बराच वेळ मांस शिजवण्याइतकं गरम असतं. ते तसंच सोडलं तर शेपटीचं मांस चिवट होतं आणि कवचाला चिकटतं. म्हणून आच बंद होताच पाणी थोडं झटपट उतरवावं लागतं. कुणी बर्फ टाकतात, कुणी गोठवलेली मक्याची कणसं, कुणी पातेल्यावर बाहेरून पाण्याची नळी धरतात. बर्फाचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. नुसतं चाळीस लिटर पाणी ९८ अंशांवरून ७० वर आणायचं म्हटलं तरी सुमारे साडेसात किलो बर्फ लागतो. एवढा बर्फ वितळला की मीठ-मसाला तितकाच फिका पडतो. म्हणून मला नळी आणि कणसं हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. कणसं शिजतातही आणि पाणीही निवतं.

सुरुवातीची आच मात्र दणदणीतच हवी. पंधरा किलो गार क्रॉफिश चाळीस लिटर उकळत्या पाण्यात पडले की तापमान ऐंशी अंशांच्या आसपास घसरतं. क्रॉफिशच्या डोक्याकडच्या भागात पचनाचं एक मोठं पिवळं इंद्रिय असतं, आणि त्यात प्रथिनं तोडणारी विकरं ठासून भरलेली असतात. उष्णतेनं ती निकामी होतात, पण मंद आचेवर रेंगाळत गरम झालं तर आधी त्यांना मांसावर काम करायला वाव मिळतो आणि शेपटी भुसभुशीत होते. मेलेले क्रॉफिश शिजवण्याआधी वेचून टाकायचे, त्यामागचं एक कारण हेच. पाण्याला पुन्हा खळखळून उकळी फुटली की तीन ते पाच मिनिटं पुरतात.

शेपटी सरळ राहिली तर तो क्रॉफिश आधीच मेलेला होता, खाऊ नका, असं सर्रास सांगतात. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी केंद्रानं हे पडताळून पाहिलं तेव्हा जिवंत टाकलेल्यांपैकीही काहींची शेपटी सरळच राहते असं दिसलं. गच्च भरलेल्या टोपलीत शेपटी वळायला जागाच नसते. खरी खूण मांस पिळपिळीत आहे का, वास येतो का, ही. मिठाच्या पाण्यात बुडवून पोट साफ करण्याच्या प्रथेचंही तसंच आहे. मिठानं आतडं रिकामं होत नाही. स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा खळबळून धुणं जास्त उपयोगी.

मसाला ओळखीचाच आहे: मोहरी, धणे, शेपूचं बी, तमालपत्र, ऑलस्पाइस, भरपूर लाल तिखट आणि मीठ. न्यू ऑर्लिन्सची झॅटरेन्स ही कंपनी १८८९ पासूनची, आणि तिच्या मसाल्याची पुरचुंडी तिथल्या घराघरांत असते. यातलं मीठ पाण्यात पूर्ण विरघळतं, पण मांसातून त्याची चाल मंद. वीस मिनिटांत दीड-दोन मिलिमीटर, तेही कवचाची आडकाठी नसेल तर. मिरचीचा तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला तेल लागतं. मिसळीत झणका तर्रीत असतो तो याचमुळे. म्हणून शेपटीच्या मांसाच्या गाभ्यात तिखट फारसं पोचत नाही. ते बसतं कवचावर, खाणाऱ्याच्या बोटांवर आणि डोक्यातल्या त्या पिवळ्या, स्निग्ध भागात. तिथले लोक शेपटी तोडून डोकं ओठांना लावतात आणि आतलं सगळं शोषून घेतात ते उगाच नव्हे. पातेल्यातला सगळ्यात भरलेला घोट तिथेच असतो.

ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी यापुढची पायरी गाठली. उकडलेले क्रॉफिश ते लसूण परतलेल्या भरपूर लोण्यात आणि तिखटात घोळतात. पाण्याला जे जमत नाही ते लोणी करतं: तिखट आणि लसणाचा वास स्वतःत विरघळवून घेतं आणि मांसाला वरून माखतं. ह्यूस्टन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार पहिल्याच घासाला आपला वाटला तर नवल नाही.

रंगाचंही सांगायला हवं. जिवंत क्रॉफिश काळपट, शेवाळी तांबूस असतो. अस्टाझँथिन हे मूळचं नारिंगी-लाल रंगद्रव्य त्याच्या कवचात प्रथिनांना जखडलेलं असतं, आणि त्या बंधनात त्याचा रंग निळसर-काळपट होतो. उष्णतेनं प्रथिन उलगडतं, रंगद्रव्य सुटं होतं आणि मूळ लाली उघडी पडते. लॉबस्टरमधल्या अशा प्रथिनाच्या एका भागाची रचना २००२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं उलगडली, आणि त्याच रंगद्रव्याचा निळा रंग कसा होतो यावर पहिल्यांदा नीट उजेड पडला.

बटाटे मात्र क्रॉफिशच्या आधी टाकावेत, कारण त्यांना वेळ लागतो. लिंबू आधीच पिळलं असेल तर आणखी वेळ लागतो, आम्लामुळे त्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सावकाश सुटतं. खरेदी करताना माणशी सव्वा ते दीड किलो धरा. ऐकायला फार वाटतं, पण वजनाच्या साधारण पंधरा टक्केच मांस हाती येतं.

आणि कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर त्याच्यासाठी बटाटे, कणसं वेगळ्या भांड्यात उकडा. ॲलर्जीला कारण होणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळूनही टिकतं आणि पाण्यात उतरतं. उरलेले क्रॉफिश सोलून लगेच फ्रिजमध्ये जाऊ द्या. जिवंत क्रॉफिश ज्या खोक्यात आणले त्यात ते परत ठेवू नका. २०१० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात शिजवलेले क्रॉफिश असेच त्या खोक्यात परत गेले, दुसऱ्या दिवशी खाल्ले गेले, आणि व्हिब्रिओ मिमिकस या जिवाणूमुळे कॉलरासारख्या जुलाबांनी माणसं रुग्णालयात दाखल झाली.