बिटकॉइन, विक्रेता आणि वेळेचं वर्गमूळ

एप्रिल 2016 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या ‘स्टीम’ या ऑनलाइन गेमविक्रीच्या दुकानात बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2017 मध्ये ते थांबवलं. कंपनीने कारणं दोन दिली. एका व्यवहाराचं शुल्क सुमारे 20 सेंटांवरून 20 डॉलरच्या घरात गेलं होतं आणि भाव सतत हलत होता. दुसऱ्या कारणाकडे मला नीट बघावंसं वाटतं.

वस्तूची किंमत डॉलरमध्ये ठरलेली असते. ग्राहक पैसे देताना विक्रेता त्या क्षणाच्या भावाने तिचे बिटकॉइन किती होतात ते सांगतो आणि तो भाव काही मिनिटं कायम ठेवतो. पण नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पुढचा गठ्ठा, तयार व्हायला सरासरी 10 मिनिटं लागतात. मोठी रक्कम पक्की मानण्यासाठी सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर थांबण्याचा प्रघात आहे. मुदत टळली आणि दरम्यान भाव उतरला, तर आलेली रक्कम अपुरी पडते. मग उरलेली मागा, नाहीतर सगळी परत करा. शुल्क पुन्हा लागणारच. स्टीमवर हेच घडत होतं.

तेवढ्या वेळात भाव कितीसा हलणार? 1900 मध्ये लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने भावांची हालचाल यदृच्छ, म्हणजे नाणेफेकीसारखी, मानून तिचं गणित मांडलं. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीला तसंच गणित लागू पडतं, हे आइन्स्टाइनने 1905 मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. त्याचं सार असं की चढउतार वेळेच्या पटीत वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो.

हिशेबासाठी दिवसाचा चढउतार 4 टक्के धरू. 24 चं वर्गमूळ जवळपास 4.9, म्हणून तासाचा चढउतार 0.8 टक्के. दहा मिनिटांचा फक्त 0.33 टक्के. पण 30 दिवसांचा 22 टक्के! ज्याचा नफा 10 टक्के आहे, त्याने बिटकॉइनची नाणी सहा दिवस नुसती ठेवून दिली तरी नेहमीच्या चढउतारात सगळा नफा बुडू शकतो. त्याचं भाडं, पगार, मालाची देणी तर डॉलरमध्येच चुकवायची असतात.

हे गणितही जरा भाबडंच आहे. बेन्वा मँडेलब्रॉटने 1963 मध्ये कापसाच्या भावांवरून दाखवलं, की प्रचंड उलथापालथी या सूत्राच्या अंदाजापेक्षा फार जास्त वेळा होतात. 12 मार्च 2020 रोजी बिटकॉइनचा भाव एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कोसळला. रोजच्या 4 टक्क्यांच्या हिशेबात असा दिवस यायलाच नको.

म्हणून बरेच विक्रेते मध्यस्थ कंपनीमार्फत नाणी लगेच डॉलरमध्ये बदलून घेतात. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. डॉलरशी जखडलेल्या स्टेबलकॉइनचा पर्यायही आहे, पण ती जखड किती पक्की हे तारणावर ठरतं. टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन मे 2022 मध्ये कोलमडलं. यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनच्या राखीव रकमेपैकी 3.3 अब्ज डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते, म्हणून मार्च 2023 मध्ये तेही काही काळ 90 सेंटांखाली गेलं, पुढे सावरलं.

राहिला परताव्याचा प्रश्न. महिन्याने वस्तू परत आली तर घेतली तितकी नाणी द्यायची की विकतानाची डॉलरमधली किंमत? हे विक्रीआधी लिहून ठेवलेलं नसेल, तर भाव चढल्यावर ग्राहक नाणी मागेल आणि उतरल्यावर डॉलर.